नॉकआउट पेशीही मेल्या, आता हे सांगू कसं?

वाचकाचं पत्र

औषधशोधाच्या प्रयोगशाळेत, जनुकशास्त्राच्या गटात काम करते. पीएच.डी. धरून बेंचवर आठ वर्षं झाली. आमचा सगळा प्रकल्प एका किनेजवर, म्हणजे इतर प्रथिनांना चालू-बंद करणाऱ्या एका प्रथिनावर, उभा आहे. त्याचं जनुक आरएनएआयनं (जनुक तसंच ठेवून त्याचा आरएनए संदेश दाबण्याच्या तंत्रानं) दाबलं की कॅन्सरच्या पेशी मरतात, हे आमच्या गटप्रमुखांनीच दहा वर्षांपूर्वी दाखवलं होतं. त्यावरून रसायनवाल्यांनी कंपाउंड बनवलं आणि तेही पेशी छान मारतं. मी तेच जनुक क्रिस्परनं (डीएनए कापण्याच्या तंत्रानं) काढून टाकलं, तर पेशी मजेत वाढताहेत. मग एक दिवस कुणाला न विचारता त्या नॉकआउट (जनुक काढलेल्या) पेशींना आमचंच कंपाउंड दिलं. मूळ पेशी ज्या डोसला मरतात त्याच डोसला याही मेल्या. गटप्रमुखांना ओझरतं सांगितलं, तर म्हणाले, "क्लोन खराब असेल, मीटिंगमध्ये आत्ता काढू नकोस." (क्लोन म्हणजे एकाच पेशीपासून वाढवलेल्या पेशी.) मीटिंग पाच आठवड्यांवर आहे. गप्प बसू का? दुसरं म्हणजे, इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही औषध झालेलं नाही. घरचे विचारतात, तू नेमकं बनवतेस काय? बेंच सोडून कम्प्युटरवरच्या विश्लेषणाकडे वळावं असं वाटतं. (उजवा अंगठा तर पिपेटनं पार कामातून गेलाय.)
— प्लेट क्रमांक १४

उत्तर

प्रिय प्लेट क्रमांक १४,

"कुणाला न विचारता" हे तीन शब्द वाचून हसू आलं. मी सव्वीस वर्षं बेंचवर काढली. ज्या प्रयोगाचं उत्तर गटात कुणालाच नको असतं, तो मी तरी नेहमी असाच होताना पाहिलाय: संध्याकाळी सहानंतर, उरलेल्या पेशींवर, बारीक खळग्यांच्या प्लेटच्या दोन रिकाम्या ओळींत. पेशी हाताळायच्या हूडचा पंखा तेवढा घरघरत असतो. तीन दिवसांनी रीडरचे आकडे येतात आणि आपण आधी प्लेट उलटी तर ठेवली नव्हती ना ते बघतो. तुम्हीही बघितलं असणार.

प्रयोग बरोबर केलात. खरं तर रसायनवाल्यांनी पहिला फ्लास्क भरण्याआधीच तुमच्या नॉकआउट पेशी तयार असायला हव्या होत्या. कंपाउंड ज्या प्रथिनावर बसून पेशी मारतं असं सगळे म्हणताहेत, ते प्रथिनच पेशीत नाही आणि तरी ती त्याच डोसला मरते. मग ते दुसऱ्याच कशावर तरी बसतंय. इतकी साधी गोष्ट आहे, आणि इतकी साधी असूनही ती वर्षानुवर्षं निसटते.

तुम्ही एकट्या नाही, हे आधी सांगते. मेल्क नावाचं एक किनेज आहे. अनेक कॅन्सरपेशी त्याच्याशिवाय जगत नाहीत, असं आरएनएआयवरून बरीच वर्षं मानलं जात होतं. त्याला रोखणारं म्हणून बनवलेलं ओटीएस-१६७ हे कंपाउंड रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत जेसन शेल्टझर यांच्या गटानं क्रिस्परनं मेल्क काढून टाकलं. पेशी वाढत राहिल्या. त्यांना ओटीएस-१६७ दिलं, तर मेल्क नसतानाही त्या मेल्या. तुमच्या वहीतलं पान आणि हे पान शेजारी ठेवलं तर कुठलं कुणाचं ते कळायचं नाही. २०१९ मध्ये त्याच गटानं आणखी काही टार्गेटं (औषधानं ज्यांच्यावर बसायचं ती प्रथिनं) आणि त्यांच्यावरची कंपाउंडं अशीच तपासली, त्यांतली बरीचशी चाचण्यांच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर होती. चित्र तेच निघालं.

पण गटप्रमुख "क्लोन खराब असेल" म्हणाले, तेही झटकून टाकू नका. कदाचित टाळायला म्हणाले असतील. प्रश्न मात्र रास्त आहे, आणि पाच आठवड्यांत तुम्हाला त्याचंच उत्तर द्यायचंय.

सगळ्यात आधी आजच, खुर्चीतून न उठता, डेपमॅप हे संकेतस्थळ उघडा. शेकडो कॅन्सर सेल लाइन्समध्ये (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींमध्ये) एकेक जनुक क्रिस्परनं काढल्यावर पेशींचं काय होतं ते तिथं सगळ्यांसाठी खुलं आहे, आणि अनेक लाइन्सचा आरएनएआयचा डेटाही आहे. तुमचं किनेज टाका. आरएनएआयमध्ये पेशी मरताहेत आणि क्रिस्परमध्ये ढिम्म, असं दिसलं तर तुमचा एक क्लोन खराब आहे म्हणून ते होत नाहीये. दोन मिनिटांचं काम आहे, पण गटात ते कुणी केलं नसेल याची मला जवळजवळ खात्री आहे. प्रकल्प जुना झाला की त्याचं पहिलं पान कुणी उघडत नाही.

मग क्लोनकडे या. नॉकआउट हा शब्द आपण फार सैल वापरतो. सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचताना, तुकडा गेलेला दिसला की झालं, असं नसतं. पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते, त्यामुळे गेलेली अक्षरं तीनच्या पटीत असली तर वाचनाची चौकट मोडत नाही. प्रथिनातलं एखाद-दुसरं अमिनो आम्ल जातं आणि बाकीचं प्रथिन नेहमीसारखं कामाला लागतं. तुम्ही जनुकाच्या सुरवातीलाच कापलं असेल तर आणखी एक पंचाईत. पेशी पुढच्या एखाद्या एटीजीपासून (वाचन सुरू करायच्या खुणेपासून) वाचायला सुरवात करते, किंवा कापलेला एक्सॉनच (जनुकाचा तो तुकडाच) वगळून टाकते, आणि थोडं आखूड पण किनेज डोमेन (प्रथिनाचा प्रत्यक्ष काम करणारा भाग) शाबूत असलेलं प्रथिन बनवते. तुमचा अँटिबॉडी सुरवातीच्या भागावर बसत असेल तर वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन आहे की नाही ते दाखवणाऱ्या चाचणीत) पट्टी दिसणार नाही आणि तुम्ही खूश व्हाल. म्हणून गाइड (क्रिस्परला कुठं कापायचं ते दाखवणारे आरएनए) किनेज डोमेनच्या आत कापणारे घ्या, दोन वेगवेगळे, आणि ब्लॉट दोन टोकांवर बसणाऱ्या दोन अँटिबॉडींनी करा. हे आधीच केलं असेल तर उत्तमच, पण पत्रात तुम्ही "काढून टाकलं" एवढंच लिहिलंय, आणि गटप्रमुख पहिल्यांदा नेमकं तिथंच बोट ठेवतील.

दुसरा आक्षेप जास्त बारीक आहे, आणि मी त्यांच्या जागी असते तर तोच घेतला असता. एका पेशीपासून क्लोन वाढवायला कित्येक आठवडे जातात. ज्या पेशींना ते जनुक गेल्यावर त्रास झाला त्या केव्हाच मेल्या. तुमच्या डिशमध्ये राहिल्यात त्या कशीबशी तडजोड करून जगायला शिकलेल्या. त्यांना "बघ, किती मजेत आहेत" म्हणणं म्हणजे बुडालेल्यांना न मोजता नदी उथळ आहे म्हणण्यासारखं आहे. यावर उपाय म्हणजे क्लोनची वाटच न पाहणं. गाइडसोबत हिरवं चमकणारं प्रथिन जाईल असं बघा, अशा पेशी न कापलेल्या पेशींत मिसळा आणि दर तीन दिवसांनी फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) हिरव्यांचा वाटा मोजा. जनुक खरंच गरजेचं असेल तर हिरव्या मागे पडत जातील. सोबत एक गाइड आरपीए-३ सारख्या जनुकावर ठेवा, ज्याच्यावाचून कुठलीच पेशी जगत नाही. तिथं हिरव्या घसरल्याच पाहिजेत, नाहीतर तुमची क्रिस्परच चालत नाहीये. आणि एक गाइड डीएनएच्या निरुपद्रवी जागी कापणारा हवा. कुठंच न कापणारा गाइड कंट्रोल म्हणून पुरत नाही, कारण डीएनए तुटणं हाच पेशीला एक फटका असतो. या स्पर्धेच्या प्रयोगाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे येत्या सोमवारी सुरू केलात तर मीटिंगआधी हातात असेल.

त्याच सोमवारी दुसरंही मागवा: तुमच्या जनुकाची अशी प्रत, जिच्यात अक्षरं बदललीत पण प्रथिन तेच बनतं, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या आरएनएआयला ती ओळखूच येणार नाही. ही प्रत पेशीत घाला आणि मग तोच जुना आरएनएआय चालवा. प्रथिन भरपूर आहे आणि तरी पेशी मरताहेत, असं दिसलं तर त्या तेव्हाही दुसऱ्याच कशानं तरी मरत होत्या. हा माझ्या मते तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग आहे, आणि त्याचं कारण फक्त शास्त्रीय नाही. आरएनएआयच्या तुकड्यातली सुरवातीची सहा-सात अक्षरं जुळली की तो भलत्याच आरएनएलाही दाबतो. ही काही कुणाची लबाडी नसते, त्या हत्याराचाच दोष असतो. गटप्रमुखांना "तुमचं चुकलं" हे ऐकायला लागण्यापेक्षा "हत्यार फसवं निघालं" हे ऐकणं कितीतरी सोपं जाईल. आणि तेच खरंही आहे.

आता प्लेट. ९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या ३६ वेल्स असतात आणि इन्क्युबेटरमध्ये तीन दिवसांत त्या आतल्यांपेक्षा जास्त सुकतात. मीडियम आटलं की क्षार वाढतात, कंपाउंडही घट्ट होतं, आणि पेशी डोसामुळे मेल्या की कोरड पडून, ते सांगता येत नाही. कडेला नुसतं बफर भरा. आतल्या ६० मध्ये मूळ पेशी आणि नॉकआउट एकाआड एक ओळींत लावा, एकाच प्लेटवर, एकाच डीएमएसओच्या (कंपाउंड विरघळवायच्या द्रवाच्या) प्रमाणात. अर्धी प्लेट या पेशींची आणि अर्धी त्या, असं केलंत तर इन्क्युबेटरच्या दाराकडची बाजू आणि आतली बाजू हाच फरक मोजून बसाल. एका डोसावर थांबू नका. आठ-दहा डोसांची पूर्ण रेषा काढा, दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तरच बोला. शेवटच्या खेपेला नळ्यांवर फक्त अ आणि ब लिहून घ्या, तेही दुसऱ्या कुणाकडून. आपल्याला जे हवंय तेच हाताला दिसतं. तुम्हाला आत्ता प्रकल्प पडायला हवाय (रागावू नका, थोडासा तरी हवाय), त्यामुळे हे पथ्य गटप्रमुखांइतकंच तुम्हालाही लागू आहे.

पेशींची ओळख एसटीआरनं (डीएनएच्या ठशानं) पटवून घ्या आणि मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची) चाचणी करा, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण इथं माझी स्वतःची एक जखम आहे.

माझ्या एका जुन्या नोकरीत सात महिने मी एका कंपाउंडवर काम करत होते. दोन क्लोन होते आणि त्यांतल्या एकावर त्याचा दुप्पट परिणाम दिसायचा. सुंदर रेषा, पुन्हा पुन्हा तशीच. एक दिवस काहीतरी वेगळंच पाहायचं म्हणून डॅपीचा (डीएनए निळा चमकवणारा) रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. निळी केंद्रकं नेहमीसारखी होती, पण त्यांच्याभोवती, जिथं काळोख असायला हवा तिथं, निळ्या ठिपक्यांची भुकटी पसरली होती. मायकोप्लाझ्मा. मीडियम गढूळ होत नाही, पेनिसिलिन लागू पडत नाही कारण त्याला पेशीभित्तिकाच नसते, नेहमीच्या फिल्टरमधून आरपार जातं. दुसरा क्लोन स्वच्छ होता. माझा सात महिन्यांचा "परिणाम" म्हणजे एक आजारी फ्लास्क आणि एक धडधाकट फ्लास्क यांतला फरक होता.

हे मला कळलं एका मंगळवारी. मी सांगितलं तीन आठवड्यांनी. आधी खात्री करून घेते, मग पेशी स्वच्छ करून बघते, कदाचित परिणाम तरीही टिकेल, अशी मनाची समजूत घालत राहिले. त्या तीन आठवड्यांत आमच्या रसायनवाल्या सहकाऱ्यानं माझ्या जुन्या आकड्यांवर विसंबून आणखी अकरा कंपाउंडं बनवली. मी सांगितलं तेव्हा तो ओरडला नाही. त्यानं अकरा कुप्यांचा ट्रे काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि जेवायला निघून गेला.

तेव्हा "गप्प बसू का" याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे: बसू नका, कारण तुमच्या शांततेचे पाच आठवडे दुसरं कुणीतरी खर्च करतंय. पण मीटिंगमध्ये बॉम्बही टाकू नका. बारा जणांसमोर दहा वर्षांपूर्वीचं स्वतःचं काम मोडलेलं ऐकताना माणूस शास्त्रज्ञ राहत नाही, आणि त्यांचा बचाव सुरू झाला की तुमच्या चांगल्या डेटाकडेही कुणी बघत नाही.

या आठवड्यातच त्यांच्याकडे एकटीनं जा, उभ्या उभ्या नको, वेळ मागून. प्लेटचे कच्चे आकडे आणि डेपमॅपचं चित्र सोबत ठेवा. आणि विचारा: "सर, क्लोन खराब असेल असं तुम्ही म्हणालात. नेमकं काय तपासलं म्हणजे तुमची खात्री पटेल?" मग वही उघडून ते जे म्हणतील ते लिहून घ्या. दोन टोकांचा ब्लॉट, स्पर्धेचा प्रयोग, जनुक परत घालून बघणं, या तिन्हींतलं काहीतरी ते स्वतःहून सुचवतील. नाही सुचवलं तर तुम्ही सुचवा. उत्तर यायच्या आधी कसोटी त्यांच्या तोंडून आलेली असली की नंतर तिच्यापासून पळता येत नाही, आणि बहुतेक माणसं पळतही नाहीत. संध्याकाळी एक छोटी मेल टाका: आज ठरल्याप्रमाणे मी अमुक तीन गोष्टी तपासते आहे, अमुक तारखेला आकडे दाखवते. या मेलचा सूर तक्रारीचा नको, कामाचा असू द्या. रसायनवाल्यांना तोवर नवीन संश्लेषण थोडं सावकाश घ्यायला सांगावं का, हेही त्याच भेटीत विचारा. माझ्या अकरा कुप्या आठवल्या म्हणून सांगितलं.

आकडे आले, सगळे तुमच्या बाजूनं आले, आणि तरी ते म्हणाले की नको काढूस? मग तुमच्या नेहमीच्या लेखी अहवालात तो निकाल, आलेख आणि पद्धतीसकट, घाला. अहवाल तुमचा आहे. प्रकल्पाची सूत्रं ज्यांच्याकडे आहेत त्यांना भेटायचं असेल तर गटप्रमुखांना सांगून भेटा, पाठीमागून नको. इथवरचा सगळा मामला हट्टाचा आहे, आणि हट्ट आपल्या व्यवसायात रोजचाच. मात्र उद्या कुणी "हे पॉइंट काढून टाक", "ती प्लेट फाइलमधून उडव" असं म्हणालं, तर ती गोष्ट निराळी. तिथं संशोधनातली सचोटी बघणारं जे कार्यालय किंवा जी व्यक्ती असेल तिच्याकडे जायचं, त्याच दिवशी. तोवर वहीत प्रत्येक प्लेट तारखेनिशी, पेशींच्या पॅसेज नंबरनिशी (त्या कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या त्यानिशी) लिहित जा, फसलेल्यासुद्धा. डेटा घरच्या पेनड्राइव्हवर घेऊन जायचा मोह मात्र आवरा. गोपनीयतेच्या करारात तुम्हीच अडकाल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल.

एक गोष्ट अजून, जी तुमच्या गटप्रमुखांनाही आवडेल. कंपाउंड पेशी मारतंय हे खोटं नाही. फक्त कशामुळे मारतंय ते माहीत नाही. मग शोधा ना! जीवघेण्या डोसात पेशींचा मोठा थवा ठेवा, जी पाच-दहा घरटी (पेशींचे पुंजके) वाचतील ती वाढवा, आणि त्यांचे एक्सॉन सिक्वेन्स करा, म्हणजे अक्षरं वाचून काढा. वेगवेगळ्या घरट्यांत एकाच जनुकात बदल सापडला तर खरं टार्गेट बहुधा तेच. डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा अधू असलेली सेल लाइन घेतलीत, उदाहरणार्थ एचसीटी-११६, तर असे बदल लवकर सापडतात. ओटीएस-१६७ चं भावंड ओटीएस-९६४ हेही मेल्कवालंच समजलं जात होतं. २०१९ च्या त्या कामात याच मार्गानं कळलं की ते सीडीके-११ या दुसऱ्याच किनेजला पकडतं, आणि तोवर फारसं कुणी न विचारलेलं सीडीके-११ एकदम चर्चेत आलं. ही युक्ती जुनीच आहे: १९९१ मध्ये रॅपामायसिन या औषधाला न जुमानणाऱ्या यीस्टमधूनच टॉर जनुकं, म्हणजे त्या औषधाच्या टार्गेटची जनुकं, सापडली होती. इमॅटिनिब या रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधाचंही बघा. २००१ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी, आजार उलटलेल्या काही रुग्णांच्या पेशींत त्याचं टार्गेट असलेल्या एबीएल किनेजमधलं ३१५ व्या जागचं एकच अमिनो आम्ल बदललेलं सापडलं. औषधाला बसायला जागाच उरली नव्हती. रुग्णांसाठी ती वाईट बातमी होती. पण औषध नेमकं तिथंच बसून काम करतं याचा याहून पक्का पुरावा दुसरा नाही. गटप्रमुखांच्या केबिनमध्ये जाताना हा प्रस्ताव एका कागदावर लिहून न्या. मोडलेलं सांगायला गेलेल्या माणसाच्या हातात पुढचं काहीतरी असलं की भेट वेगळी होते.

आता घरच्यांचा प्रश्न: तू नेमकं बनवतेस काय?

माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दर दहा औषधांतली साधारण नऊ बाजारात येत नाहीत. तिथवर न पोचलेल्यांची तर मोजदादच नाही. बहुतेक संशोधकांच्या आयुष्यात एकही औषध "आपलं" असं होत नाही, आणि माझ्याही झालं नाही. पण टॉरसेट्रॅपिबची गोष्ट घरी सांगून बघा. "चांगलं" कोलेस्टेरॉल वाढवणारं औषध, आणि ते खरोखर वाढवायचंही. सुमारे १५,००० लोकांवर चाचणी चालू होती. डिसेंबर २००६ मध्ये ती तडकाफडकी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांतच जास्त मृत्यू झाले होते. त्या औषधानं रक्तदाबही वाढत होता, म्हणजे दोष फक्त टार्गेटचा होता असं नाही. पण पुढं २०१२ मध्ये जनुकशास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला: ज्यांच्यात जन्मतःच एका जनुकातल्या बदलामुळे हे चांगलं कोलेस्टेरॉल जास्त असतं, त्यांना हृदयविकाराचे झटके कमी येतात का? उत्तर आलं, नाही. तोच प्रश्न पीसीएसके-९ या जनुकाबद्दल विचारला तेव्हा उत्तर उलट आलं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत हे जनुक अतिउत्साही झाल्यानं कोलेस्टेरॉल चढलेलं सापडलं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्यात ते जनुक बिघडलेलं आहे अशा कृष्णवर्णीय लोकांत एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी. २०१५ मध्ये त्यावरची दोन औषधं मंजूर झाली. माणसांतल्या जनुकांचा पुरावा पाठीशी असलेल्या टार्गेटला यश मिळण्याची शक्यता सुमारे २.६ पट असते, असं २०२४ मधलं एक मोठं विश्लेषण सांगतं.

तुम्ही हाच प्रश्न डिशमध्ये विचारलात. कुणी १५,००० लोकांना गोळी देण्याआधी, दोन रिकाम्या ओळींत. घरच्यांना हे एका वाक्यात पटेलच असं नाही. माझ्या आईला शेवटपर्यंत वाटायचं की मी रक्त तपासते. मी नंतर नंतर दुरुस्त करणं सोडून दिलं.

कम्प्युटरकडे वळायचं तर खुशाल वळा, त्यात कमीपणा नाही. फक्त तिथं हात स्वच्छ राहतात या समजुतीनं नको. एक्सेल कित्येक वर्षं मार्च-१ आणि सेप्ट-२ या जनुकांची नावं तारखा समजून बदलत होतं, आणि त्या चुका छापील शोधनिबंधांच्या तक्त्यांत जाऊन बसत होत्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलावी लागली, एक्सेल काही तेव्हा बदललं नाही. ज्या विश्लेषकानं कडेच्या वेल्स सुकताना पाहिल्यात त्याला डेटातला खोटेपणा लवकर दिसतो. तुमची आठ वर्षं तिथं कामी येतील. पण हा निर्णय या पाच आठवड्यांत घेऊ नका. आत्ता तुम्हाला बेंच नकोसं वाटतंय की ती केबिन नकोशी वाटतेय, हे तुम्हालाच नीट कळत नसणार. मीटिंग होऊन जाऊ द्या.

अंगठ्याचं कंसात लिहिलंत, ते मी कंसाबाहेर काढते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखत असेल आणि मूठ वळताना कळ येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. पिपेटवाल्यांचं हे जुनं दुखणं आहे आणि अंगावर काढलं तर पेन धरतानाही त्रास देतं. स्पर्धेच्या प्रयोगात दर तीन दिवसांनी प्लेटा भरायच्यात, तेव्हा इलेक्ट्रॉनिक मल्टिचॅनल पिपेट मागून घ्या, वीस-पंचवीस मिनिटांनी हात सोडा, आणि टिप ठोकून बसवायची सवय असेल तर ती मोडा. मागणीच्या अर्जात कारण म्हणून "कामाची सोय" लिहू नका. "हाताला इजा" लिहा, म्हणजे लवकर मिळेल.